रोजचा नाश्ता: कष्ट सकाळी, आदल्या रात्री की महिन्यातून एकदा?

पोहे, उपमा, इडली, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, धिरडी, उकड, फोडणीची पोळी. मराठी घरातल्या बहुतेक सकाळी या सात-आठ नावांत भागतात आणि नीट केलं तर यातलं काहीच चवीला वाईट लागत नाही. त्यामुळे ‘काय आवडतं?’ असं विचारून आठवड्याचा बेत ठरत नाही. नव्यानं संसार मांडलेल्यांनी किंवा पहिल्यांदाच खोली घेऊन राहणाऱ्यांनी आधी हे बघावं की त्या पदार्थाचे कष्ट कधी पडतात. काहींचे सगळे सकाळी पडतात, काहींचे आदल्या रात्री आणि एखाद्याचे महिन्यातून एकदाच. त्यानंतर दोन गोष्टी बघायच्या. तो पदार्थ दुपारी एकपर्यंत पोटात टिकतो का? आणि डब्यात गार झाल्यावर खाववतो का? या तिन्ही कसोट्यांना उतरणारा पदार्थ आहे, पण तो पोहे नव्हे. पोहेप्रेमींनी रागावू नये, सुरुवात पोह्यांपासूनच करतो.

ज्यांचं सगळं सकाळी: पोहे आणि उपमा

पोह्यांना पूर्वतयारी अशी काही नाहीच. घरात जाडे पोहे, कांदा, मिरची, कढीपत्ता आणि शेंगदाणे असले की वीस-पंचवीस मिनिटांत चौघांचं भागतं. आदल्या रात्री काहीच ठरलेलं नसेल, दारात अचानक पाहुणे उभे असतील, तर पोह्यांना तोड नाही. अडचण एवढीच की ती वीस मिनिटं सगळी ओट्यापाशी उभं राहून जातात: कांदा चिरा, दाणे तळा, फोडणीकडे लक्ष ठेवा.

बिघडतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली हलक्या हातानं धुवायचे आणि तसेच निथळत ठेवायचे. दहा मिनिटांनी एक दाणा चिमटीत दाबून बघावा. सहज चिरडला गेला आणि बाकीचे दाणे मोकळे असले की झालं. मधे कडक लागला तर वरून पाण्याचा हबका मारायचा. पातेल्यात पाणी घालून भिजत ठेवले की लगदा ठरलेला. मीठ, साखर पोह्यांनाच लावून ठेवली तर चव सगळीकडे सारखी लागते, आणि शेवटी झाकण ठेवून दोन दणदणीत वाफा आणल्या की पोहे मऊ राहतात.

पोटाचा हिशेब मात्र पोह्यांच्या बाजूनं नाही. माणशी साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर त्यातून जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यावर पडलेले २० ग्रॅम शेंगदाणे एकटेच ५ ग्रॅम देतात. म्हणजे ताटलीतली निम्म्याहून जास्त प्रथिनं दाण्यांची. दाणे वगळून पोहे करणाऱ्या घरांत अकरा वाजता बिस्किटाचा पुडा का फुटतो, ते यावरून कळावं. नागपूरकरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे: पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री. तर्रीतल्या मूठभर हरभऱ्यांनी त्या ताटलीचा नूरच पालटतो. इंदूरकडे पोह्यांवर शेव आणि जिरावण घालून सोबत जिलेबी देतात. जिभेला ते कितीही रुचलं तरी भुकेच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. घरी तर्रीचा घाट घालायचा नसेल तर पोह्यांत मटार किंवा वाफवलेली मोडाची मटकी ढकलावी. पंगतीतल्या जाणकारांच्या कपाळाला आठी पडेल, पण पोट धरतं.

उपम्याचं काम एका बाबतीत पोह्यांपेक्षा सोपं आहे: रवा आधी भाजून ठेवता येतो. रविवारी अर्धा किलो रवा मंद आचेवर खमंग भाजून डब्यात भरला की पुढचे उपमे पंधरा मिनिटांचे. वाटीभर रव्याला अडीच वाट्या पाणी, आणि ते खळखळ उकळलेलंच. कोमट पाण्यात रवा घातला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. गव्हाचा असल्यामुळे रव्यात प्रथिनं पोह्यांपेक्षा थोडी जास्त, १०० ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम. पण उपमा हा ताटलीत वाफ असेपर्यंतचाच पदार्थ. डब्यात दुपारपर्यंत त्याची वडी पडते आणि ती चमच्यानं खणून खावी लागते. पोहे त्या मानानं दहा-साडेदहापर्यंत तग धरतात, पुढे तेही कोरडे पडतात.

उन्हाळ्यात गॅससमोर उभं राहवत नसेल तर कोकणातले दडपे पोहे करावेत. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, लिंबू आणि असल्यास थोडं नारळाचं पाणी घालून ते झाकणाखाली दडपून ठेवायचे आणि वरून फोडणी ओतायची. शिजवणं म्हणून नाहीच. मराठवाड्यात चुरमुऱ्यांचा सुशीला असतो: चुरमुरे पाण्यातून काढून पिळायचे आणि पोह्यांसारखेच फोडणीला टाकायचे. दहा मिनिटांचा खेळ, पण अगदी हलका. वरून डाळ्याचं आणि दाण्याचं कूट सढळ हातानं घातलं तरच तो नाश्ता म्हणावा, नाहीतर चहाबरोबरचा खाऊ.

आदल्या रात्री आठवण हवी: इडली, आंबोळी, साबुदाणा

इडलीचे कष्ट आदल्या दिवशी सकाळपासून सुरू होतात. डाळ-तांदूळ भिजवा, संध्याकाळी वाटा, रात्रभर पीठ फुगू द्या. मुंबईच्या दमट हवेत आठ तासांत पीठ वर येतं. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात बारा-चौदा तासही कमी पडतात, आणि सकाळी सात वाजता न फुगलेल्या पिठाकडे बघत उभं राहण्यासारखी हताशा नाही. मात्र एकदा पीठ तयार असलं की सकाळचं काम कुकरइतकंच: साच्यात ओता, उकडा, तोवर आंघोळ उरकून या. तांदूळ आणि उडीद एकत्र असल्यानं प्रथिनांचा मेळही बरा बसतो, तेल जवळजवळ लागत नाही आणि डब्यात तर इडलीच्या तोडीचं दुसरं काही सापडणं कठीण. दोघांच्या घरात आठवड्यातून एकदा पीठ केलं की फ्रिजमधून दोन-तीन सकाळी निघतात: पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी आप्पे, आंबटपणा चढल्यावर कांदा घालून उत्तप्पा. दुकानात मिळणारं तयार पीठही चालतं, फक्त ते किती जुनं आहे ते बघून घ्यावं. मालवणकडची आंबोळी याच गोत्रातली, तव्यावरची. तिच्यासोबत काळ्या वाटाण्यांचं सांबार असलं तर ते जेवणच होतं, पण एवढं सकाळी कोण करणार? सणासुदीला ठीक.

साबुदाण्याच्या खिचडीबद्दल जरा तिखट बोलतो, कारण तिच्याइतका अवाजवी मान दुसऱ्या कुठल्या नाश्त्याला मिळालेला नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेला पांढरा स्टार्च, आपल्याकडचा बहुतेक तमिळनाडूच्या सेलम भागातून येतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. खिचडीत जी काही ताकद आहे ती दाण्याच्या कुटाची. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि बटाट्याच्या फोडी धरल्या की एक ताटली ५०० कॅलरींच्या पुढे सहज जाते, आणि त्यातला मोठा वाटा निव्वळ स्टार्चचा. ‘उपासाला हलकं’ म्हणून ती खाऊन दुपारी जांभया देणारे आपण सगळेच.

शिवाय ती करायला हात बसलेला लागतो. साबुदाणा धुऊन पाणी काढून टाकायचं आणि दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून रात्रभर झाकायचं. सकाळी दाणा बोटांत दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे, मधे कडक कण राहता कामा नये. कूट कढईत नंतर घालण्यापेक्षा आधीच साबुदाण्याला चोळून लावलं की दाणे सुटे राहतात. एवढं करून गार झाली की ती रबरासारखी होतेच. तेव्हा महिन्यातून एकदा हौस म्हणून करावी, सोबत दही घ्यावं. रोजच्या यादीत तिला जागा नाही. रक्तातली साखर वाढलेली असेल तर आणखीच जपून. पोहेही अशांनी ताटली लहान आणि दाणे, मटार, मोड जास्त अशा मापानं खावेत.

महिन्यातून एकदा: भाजणीचं थालीपीठ

माझा कौल थालीपिठाला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे; प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीचं खात्रीचं. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण धने करपतात तेव्हा हरभऱ्याच्या डाळीला रंगसुद्धा चढलेला नसतो. हे काम तासा-दीड तासाचं, मग गिरणी. पण ते एकदा झालं की महिनाभर सकाळचं काम उरतं ते पीठ मळून थापण्याचं. धान्य आणि डाळ एकत्र आल्यामुळे पोटाला आधार खरा मिळतो, तंतूही भरपूर. आठला दोन थालीपिठं लोण्याबरोबर किंवा दह्याबरोबर खाल्ली की एकपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

पिठात कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, हाताशी असेल ते: किसलेला दुधी, मेथी, कालची उरलेली आमटीसुद्धा. पीठ भाकरीपेक्षा सैल हवं. ओल्या फडक्यावर बोटं पाण्यात बुडवत थापायचं, मधे एक आणि भोवती तीन-चार भोकं पाडायची, फडकं उचलून तव्यावर उलटं घालायचं आणि अलगद सोडवायचं. भोकांत तेल सोडून झाकण. खालून चुरचुर थांबली आणि कड तव्यापासून सुटली की उलटायचं. दुसऱ्या बाजूला झाकण नको, म्हणजे ती खरपूस होते. फडक्याची कटकट वाटत असेल तर गार तव्यावरच थेट थापावं. दुसऱ्या थालीपिठासाठी दुसरा तवा हाताशी ठेवावा. चार माणसं असतील तर वेळ लागतो, हे मान्य. दोघांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. डब्यातही थालीपीठ मऊ होतं खरं, पण बेचव होत नाही, आणि लोणचं असलं की दुपारी जास्तच चांगलं लागतं.

घरी भाजायला सवड नसेल तर विकतची भाजणी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. पाकीट उघडल्यावर धन्याचा आणि भाजल्याचा खमंग वास आला पाहिजे. कडवट, खवट वास आला तर बहुधा बाजरी उतरलेली असते. पाव-अर्धा किलोच आणावी आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवावी. उपासाची भाजणी वेगळी, घाईत तेच पाकीट उचलू नये.

काहीच ठरलेलं नाही, आणि दहाच मिनिटं आहेत

इथे बेसनाच्या धिरड्यांना लोक उगाच विसरतात. बेसन, पाणी, टोमॅटो, कांदा, मिरची, ओवा. फेटा आणि तव्यावर ओता. घराघरांत याला टोमॅटो ऑम्लेट म्हणतात आणि त्यात अंडं औषधालाही नसतं. बेसनात १०० ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं, म्हणजे वजनाला वजन धरलं तर या यादीतल्या बहुतेकांवर मात. अंडं चालणाऱ्यांनी दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि कालची पोळी घ्यावी, बारा ग्रॅम प्रथिनं तिथेच झाली.

तांदळाची उकडही अशीच: ताकात तांदळाचं पीठ कालवून लसूण, मिरची, हिंगाच्या फोडणीत घालायचं, ढवळत शिजवायचं आणि ताटलीत वरून कच्चं तेल. पावसाळ्यात तर ती हवीच. टिकाऊपणात मात्र पोह्यांच्याही मागे. रात्रीच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी, भाकरी उरली असेल तर ती ताकात कुस्करून, सोबत कांदा आणि दाण्याची चटणी. शेतावर पहाटे नुसता चहा घेऊन निघालेला माणूस नऊ-दहाला भाकरी सोडतो आणि दुपारपर्यंत काम ओढतो. शहरातल्या डब्यांत तिला अजून म्हणावा तसा मान नाही.

ओट्स आणि कॉर्नफ्लेक्सचं थोडक्यात. साधे ओट्स चांगले, त्यांचा कांदा-गाजर घालून उपमा होतो. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांना तर तो सगळ्यात सोपा. चवी घातलेली पाकिटं आणि गोड कॉर्नफ्लेक्स यांना मी नाश्ता धरत नाही.

तेव्हा दोघंही आठला घराबाहेर पडणार असतील तर माझी मांडणी अशी: घरात भाजणीचा डबा आणि फ्रिजमध्ये इडलीचं पीठ कायम, पोहे आणि बेसन राखीव. यातले पहिले दोन डब्याच्या दिवसांचे, दुसरे दोन विसरभोळ्या दिवसांचे. उपमा घरून काम करणाऱ्यांचा, कारण तो कढईतून थेट ताटलीत जातो. लहान मुलं असतील तर इडलीचं पीठ जास्त, घरात वयस्कर असतील तर उकड आणि मऊ थालीपीठ.

रविवार यात धरलेला नाही. त्या दिवशी बाहेर मिसळ खावी, गोव्यात असाल तर पाव-भाजी. मिसळीतली मटकीची उसळ खरोखर पौष्टिक. फरसाण, तेलाचा तवंग आणि पाव मिळून ती पौष्टिकता झाकतात, म्हणून आठवड्यातून एकदाच. पुण्यात तिच्यात पोहे सापडतील, नाशकात सोबत पापड आणि दही येईल, कोल्हापुरात पावाऐवजी स्लाइस ब्रेड. कोल्हापूरचा कट पहिल्यांदाच चाखणार असाल तर आधी वाटीत वेगळा मागून जीभ लावून बघावी, आणि दुपारचं जेवण तीननंतर ठेवावं.