कॅननची ५५-२५० एमएम झूम लेन्स घ्यावी का ७०-३००?
कॅननच्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरचा कॅमेरा) दोन्ही लावून बघितल्या, रंकाळ्यावर, सकाळी सकाळी. ५५-२५० एसटीएम (एसटीएम, यूएसएम ही फोकसच्या मोटरची नावं) फक्त ३७५ ग्रॅमची, गळ्यात हाय हेच विसरायला होतं, पन्हाळ्यावर दिवसभर फिरताना तर लई भारी. ७०-३०० आयएस टू यूएसएम ७१० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ डबल वजन आणि लांबचं ओढायला जास्तीचे मिळतात किती, तर ५० एमएम! पण बगळा पाण्यात चोच घालतो ना, तेव्हा ७०-३०० चा फोकस खटकन बसतो, एसटीएम जरा रेंगाळते, हे मान्य. लांबच्या टोकाला दोन्ही एफ ५.६, म्हणजे उजेड कमीच आत घेतात, त्यामुळं आपल्या पावसाळी अंधारात दोघी सारख्याच रडतात. पुढं फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर घेणार असाल तर ७०-३०० च घ्या, ५५-२५० तिथं बसतच नाही. मी सेकंडहँड ५५-२५० उचलली, उरलेल्या पैशात राधानगरीला गवे बघायला जायचं पेट्रोल सुटलं.