शाळेतल्या पालकांची यादी ओपन सोर्सवर न्यायची तर बेस, गिबन, सिव्हीसीआरएम की फ्रॅपे?

ठाण्यातल्या आमच्या शाळेत सध्या हाच विषय चालू आहे. पालकांची सगळी माहिती कुणीतरी पूर्वी बनवून दिलेल्या एक्सेसच्या (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) फाईलमध्ये आहे, बनवणारा आता इथे नाही, फाईल एकाच कॉम्प्युटरवर, आणि प्रायमरीची यादी वेगळी, हायस्कूलची वेगळी. म्हणजे तिसरीतला धाकटा आणि आठवीतली त्याची ताई एकाच घरातले, पण त्यांची आई दोनदा, एकीकडे नवीन नंबर, दुसरीकडे बंद पडलेला जुना. जुलैत पाऊस वाढला आणि कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली की हे लगेच नडतं. तुमच्याकडेही असंच असेल तर मी चार ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे, पर्याय तपासून बघितलेत, ते सांगते.

माझा पहिला प्रश्न प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच होता. कुटुंब ही वेगळी नोंद आहे, की मुलाच्या ओळीत 'वडिलांचा मोबाईल' एवढाच कॉलम आहे? कारण आई-वडील दोघं लोकलने मुंबईला, मुलाला न्यायला आजी नाहीतर व्हॅनवाले काका, काही घरांत आई-वडील वेगळे राहतात आणि मुलाची माहिती कोणाला द्यायची हे शाळेला नक्की माहीत असावं लागतं. एका कॉलममध्ये हे मावत नाही.

लिब्रेऑफिस बेस सगळ्यात ओळखीचं वाटतं. दिसायला एक्सेससारखं, मराठी मेनू मिळतात, इंटरनेट लागत नाही. पण एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, एक्सेसमधले टेबल म्हणजे डेटा तिकडे नेता येतो, फॉर्म आणि रिपोर्ट येत नाहीत, ते पुन्हा बनवावे लागतात. आणि बेसची फाईल नुसती तशीच वापरली तर एका वेळी एकच जण काम करू शकतो. ऑफिसात दोन क्लार्क एकाच वेळी काम करत असतील तर मागे मारियाडीबी, म्हणजे अनेकांना एकदम वापरता येणारा डेटाबेस सर्व्हर, जोडावं लागतं. कुटुंबाची रचनाही स्वतः आखायची. शाळेत हे जमणारा शिक्षक आहे आणि तो टिकणार आहे, तरच बेस घ्या, नाहीतर आपण पुन्हा 'बनवणारा गेला' इथेच येतो.

गिबन मला सगळ्यात आवडलं. हाँगकाँगमधल्या एका शिक्षकाने शाळेसाठी म्हणून सुरू केलेलं आहे आणि ते वापरताना कळतं. त्यात कुटुंब ही स्वतंत्र नोंद असते, तिला मोठी माणसं जोडायची आणि मुलं जोडायची, म्हणजे भावंडांचा प्रश्नच मिटतो. प्रत्येक मोठ्या माणसापुढे फोन आधी कोणाला करायचा तो क्रम असतो, त्याला कॉल करायचा का, एसएमएस पाठवायचा का, ईमेल करायचा का हे वेगवेगळं ठरवता येतं, आणि मुलाची माहिती त्याला बघू द्यायची की नाही हेही. शिवाय पालक स्वतः लॉगिन करून नवीन नंबर कळवतात, ऑफिसने तपासून मंजूर केला की मगच तो यादीत जातो. दिव्याला किंवा बदलापूरला घर बदलणाऱ्यांचा पत्ता वर्षभर जुनाच राहतो ना, त्यावर हा खरा उपाय आहे. वेबसाईटसाठी मिळतं त्या साध्या पीएचपी-मायएसक्यूएलच्या होस्टिंगवर चालतं. अडचण एवढीच की ते अख्ख्या शाळेचं सॉफ्टवेअर आहे, मेनू भरमसाठ, त्यामुळे क्लार्कच्या लॉगिनला नको त्या परवानग्या काढून टाकायला एक दिवस द्या.

सिव्हीसीआरएम हे संपर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर 2005 पासून आहे, मुळात सामाजिक संस्थांसाठी. त्यातही घर ही वेगळी नोंद करता येते, पालक-पाल्य, भावंडं अशी नाती आधीपासून दिलेली आहेत, आणि एकाचा पत्ता दुसऱ्याशी जोडून ठेवला की एका ठिकाणी बदलला तरी सगळीकडे बदलतो. दुहेरी नावं शोधून एकत्र करायची सोय तर फार चांगली, आमच्यासारख्या दोन याद्या असतील तर तिथेच निम्मं काम होतं. पण हजेरी, तुकडी असलं काही त्यात नाही, आणि नवीन आवृत्ती जवळजवळ दर महिन्याला येते, ती चढवणारा माणूस पाहिजे. माजी विद्यार्थी आणि देणगीदारही त्याच यादीत ठेवायचे असतील तर मात्र हेच घ्या.

फ्रॅपे एज्युकेशन आपल्या मुंबईतल्या कंपनीचं, ईआरपीनेक्स्ट हे हिशोब-व्यवहाराचं सॉफ्टवेअर बनवणारे तेच. विद्यार्थी आणि पालक वेगळ्या नोंदी, भावंडांचा तक्ताही आहे. फी, प्रवेश, हिशोब सगळंच हलवायचं असेल तर ते योग्य. नुसत्या संपर्क यादीसाठी नको, स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं तर लिनक्स सांभाळता यायला हवं.

आता असं काम जे कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी टळत नाही. जुनी मराठी नावं श्रीलिपी किंवा तशा फॉन्टमध्ये टाईप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या लिपीत, आणा, नाहीतर नवीन ठिकाणी नुसती चिन्हं दिसतील, आणि कन्व्हर्टर वापरला तरी जोडाक्षरं डोळ्याने तपासा. सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी यादी, डेटा हलवायला हीच लागते) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, त्यात देवनागरी बिघडू शकतं आणि नंबरच्या आधीचं शून्य जातं, लिब्रेऑफिस कॅल्क उघडताना एन्कोडिंग विचारतं तिथे यूटीएफ-8 निवडा आणि नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा. आणि जनरल रजिस्टर नंबर प्रत्येक मुलासोबत न्याच, दोन साईराज पाटील एका वर्गात असतात तेव्हा तोच कामाला येतो. सरल आणि यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवर माहिती भरायचं काम मात्र वेगळंच राहणार, ते यातून आपोआप होईल असं धरू नका.

एसएमएस फुकट होत नाही. डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांची मेसेज-नोंदणी व्यवस्था) रजिस्टर केलेलं हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मेसेजचा ठरलेला मजकूर म्हणजे टेम्प्लेट लागतंच, आणि तुमच्या शाळेचे मेसेज सध्या एखाद्या अॅप कंपनीच्या हेडरवरून जात असतील तर ते अॅप सोडण्याआधी शाळेच्या स्वतःच्या नावाने रजिस्ट्रेशन करून घ्या. त्या कंपनीकडून सगळा डेटा सीएसव्हीमध्ये लेखी मागून हातात आल्याशिवाय जुनं अॅप बंद करू नका.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय, त्यामुळे प्रवेश अर्जावरच संमतीचा रकाना मराठीत, स्पष्ट शब्दांत घाला आणि आधार नंबर या यादीत मुळीच ठेवू नका, निरोप द्यायला तो लागत नाही.

एकच माध्यम, एक-दोन क्लार्क, पाचशे-हजार मुलं अशी शाळा असेल तर माझं मत गिबनला. मे महिन्याच्या सुट्टीत डेटा हलवा, आधी एका इयत्तेचा टाकून त्याच वर्गशिक्षकांकडून तपासून घ्या, बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष परत उघडून बघा, आणि जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पालकसभेत प्रत्येक घराला त्यांचं छापील पान देऊन दुरुस्त्या करून घ्या.