तुरुंगातल्या माणसाचं मुखत्यारपत्र: तारखेला सही घ्यावी की नोटरी आत न्यावा?

माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, तुरुंगात होता. त्या काळात उसाचं बिल त्याच्या खात्यात येत राहिलं आणि भावजयीला त्यातला रुपया काढता येईना. सोसायटीचं पीककर्ज थकत चाललं होतं. बँकेनं मुखत्यारपत्र, म्हणजे भावाच्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, मागितलं. हे काम कसं करायचं, याचं प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं. ज्यांच्या घरी आज हाच प्रश्न उभा आहे, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

आधी सगळ्यात सोपी वाट. वकीलपत्रावर तुरुंगात कैद्याची सही होते, अधीक्षकांचा किंवा तुरुंगाधिकाऱ्यांचा सही-शिक्का बसतो आणि कोर्ट ते स्वीकारतं. पैसे लागत नाहीत. मलाही वाटलं, मुखत्यारपत्रही असंच करून घ्यावं. अधीक्षकांच्या कार्यालयानं सही प्रमाणित करून दिलीसुद्धा. बँकेनं ते परत केलं, आणि नियमाला धरूनच केलं. मुखत्यारपत्र खरं आहे असं कायदा गृहीत धरतो ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा परदेशातल्या भारतीय वकिलातीसमोर झालेलं असेल तर. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं, 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. त्या यादीत तुरुंग अधीक्षक नाहीत. तेव्हा काम फक्त वकीलपत्राचं असेल तर इथेच थांबा, पुढची धावपळ करू नका.

दुसरी वाट बहुतेक जण सुचवतात: कोर्टाच्या तारखेला आणतील तेव्हा सही घ्या, नोटरी तर कोर्टाच्या आवारातच बसलेले असतात. ऐकायला हे बरोबर वाटतं. मी 500 रुपयांचा मुद्रांक भावाच्या नावानं, हस्ते म्हणून माझं नाव लिहून घेतला, मजकूर टाइप करून घेतला, नोटरींना सांगून ठेवलं आणि तारखेला सकाळी दहापासून आवारात उभा राहिलो. बंदोबस्ताला पोलीस मिळाले नाहीत म्हणून गाडीच आली नाही. पुढच्या तारखेला त्याला व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं, हजर केलं. पडद्यावर भाऊ दिसला, पण पडद्यातून सही होत नाही. तिसऱ्या तारखेला न्यायाधीश साहेब रजेवर होते. चौथ्या तारखेला खरोखर आणलं, पण सोबतच्या हवालदारांनी कागद हातात देऊ दिला नाही. कोर्टाची परवानगी आहे का, असं त्यांनी विचारलं. ती नव्हती. त्यांची चूक म्हणता येणार नाही, त्यांना जबाबदारी असते.

माझा निर्णय या तारखांनीच केला. दर वेळी भावजय मुलांना शेजारी ठेवून एसटीनं यायची आणि संध्याकाळी कोरा कागद घेऊन परत जायची. त्यात मुद्रांक घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो, नाहीतर तो बाद होतो. आमचे चार महिने असेच गेले. तुमच्या गावात कैद्यांना प्रत्येक तारखेला नियमानं आणत असतील आणि वकिलांनी आधीच अर्ज देऊन न्यायालयाची परवानगी घेतली असेल, तर हा मार्ग स्वस्त पडेल, हेही मान्य करतो. आमच्याकडे तसं झालं नाही.

याच काळात एकानं सुचवलं की कागद आतून सही करून आणा, नोटरी बाहेर शिक्का मारतील. हे कृपा करून करू नका. सही करणारा माणूस नोटरीसमोर हवा आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये त्याची सही किंवा अंगठा हवा. उद्या कुणी आव्हान दिलं तर पहिला प्रश्न हाच येईल, की त्या दिवशी तुमचा माणूस आत होता, मग तो नोटरीसमोर कसा आला?

शेवटी आम्ही तिसरी वाट धरली. वकिलांनी खटला चालू होता त्याच कोर्टात अर्ज दिला, सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) आला आणि नोटरीला कारागृहात जाऊ देण्याचा आदेश अधीक्षकांच्या नावे निघाला. खर्च जास्त आला. वकिलांची फी वेगळी, शिवाय नोटरीचा जाण्यायेण्याचा खर्च. पण अर्ज दिल्यापासून सही होईपर्यंत तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत कुणाला फुकट हेलपाटा पडला नाही. एकदा मात्र गेटवरून परत यावं लागलं असतं. आदेशात नोटरीचं नाव होतं, रजिस्टर आणि शिक्का आत नेण्याचा उल्लेख नव्हता. अधीक्षकांनी समजून घेतलं. तुम्ही अर्जातच नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक, रजिस्टर, शिक्का, शाईचा पॅड आणि साक्षीदारांची नावं लिहून घ्या. नोटरी तुरुंग ज्या भागात आहे तिथला हवा. प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर क्षेत्र ठरलेलं असतं, त्यामुळे आपल्या तालुक्यातले ओळखीचे नोटरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात नेऊन उपयोग नाही.

ओळखीचा प्रश्नही इथे सुटला. भावाचं आधार कार्ड अटकेच्या वेळी पाकिटासकट जप्त झालेलं होतं. आत मात्र तुरुंगाधिकाऱ्यांनी कैदी क्रमांक आणि नोंदवहीवरून ओळख पटवून दिली, आणि नोटरींनी तसं नमूद केलं.

जमीन किंवा फ्लॅट विकायचा असेल तर मात्र माझी शिफारस लागू नाही. तिथे दुय्यम निबंधक (दस्तांची नोंदणी करणारे अधिकारी) नोटरीचं मुखत्यारपत्र सहसा चालवून घेत नाहीत. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 33 मध्ये तुरुंगातल्या माणसाला कार्यालयात येण्यापासून सूट आहे. निबंधक स्वतः कारागृहात जाऊन जबाब घेऊ शकतात किंवा त्यासाठी कमिशन काढू शकतात, म्हणजे आपल्या वतीनं दुसऱ्या कुणाला पाठवू शकतात. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. बँक, ऊसबिल, सोसायटी, शाळा, वीजजोडणी एवढंच असेल तर नोटरी आत नेणं मला तरी बरं वाटतं.

त्या दिवशी साक्षीदार म्हणून मीही आत होतो. नोटरींनी आधी मला खोलीबाहेर उभं केलं. भावाला सगळा मजकूर मराठीत वाचून दाखवला, कुणाचा दबाव आहे का विचारलं, आणि मगच मला आत बोलावलं. कोर्टाच्या व्हरांड्यात, पोलिसांच्या घाईत, एवढा वेळ त्याला कुणी दिला नसता. त्यानं एक ओळ बदलून घेतली: जमीन गहाण ठेवण्याचा अधिकार त्याला द्यायचा नव्हता. ती ओळ खोडून तिथे भावानं आणि नोटरींनी सही केली. आम्ही दोन मूळ प्रती केल्या होत्या. एक बँकेत दिली, दुसरी भावजयीकडे आहे.