एक डोळा फेको, एक एसआयसीएस: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू फेकोने (अल्ट्रासाउंडने आतच फोडून) काढला, डाव्याचा एसआयसीएसने (थोड्या मोठ्या, बिनटाक्याच्या छेदातून). दोन्ही ऑपरेशनं होऊन आता बरेच महिने झालेत.

फेकोचा छेद जेमतेम २.८ मिमीचा आणि कौतुक सगळं त्याचंच होतं. पण मोतीबिंदू कडक असेल तर तो फोडायला अल्ट्रासाउंड जास्त वापरावा लागतो, आणि मार बसतो कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) अगदी आतल्या पेशींच्या थराला. कॉर्नियातलं पाणी बाहेर टाकून तो पारदर्शक ठेवायचं काम याच पेशींचं. गेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. उरलेल्या पसरून जागा भरतात. माझा कॉर्निया सुजला. सकाळी सगळं धुरकट, दिव्याभोवती रंगीत कडं. दुपारपर्यंत बरंचसं निवळायचं. झोपेत पापण्या मिटलेल्या, त्यामुळे पाणी उडून जात नाही, म्हणून त्रास सकाळचा. थेंब टाकत राहिलो, काही आठवड्यांत सूज उतरली.

डावा मोतीबिंदू तर पार पिकून तपकिरी झालेला. "इथे फेकोचा हट्ट नको," असं सर्जननीच सांगितलं. पांढऱ्या भागात वरच्या बाजूने साधारण ६ मिमीचा बोगदा करून गर अख्खा बाहेर काढला, टाका नाही. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक, खडा गेल्यासारखं टोचत होतं, पण दिसत होतं लख्ख! अडचण नंतर कळली: सिलिंडरचा (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा) नंबर सव्वा. छेद वरून घेतला की कॉर्निया उभ्या दिशेने किंचित चपटा होतो. उजव्याला सिलिंडर नावापुरता, त्यामुळे चष्म्याशिवाय लांबच्या पाट्या उजवाच वाचतो.

नुकतीच स्पेक्युलर तपासणी केली, म्हणजे कॉर्नियाच्या त्या आतल्या पेशी मोजल्या. आधी दोन्हीकडे चौरस मिमीला २४०० च्या आसपास पेशी होत्या. आता उजव्यात १८५०, डाव्यात २१५०. दोन्ही आकडे ठीकच आहेत, कॉर्निया कायमचा सुजायची भीती ५०० च्या आसपास आल्यावर. यावरून एसआयसीएस सरस असं मात्र कुणी ठरवू नये. मोतीबिंदू मऊ असता तर मीही डोळे झाकून फेकोच निवडली असती.

फेम्टो लेसरबद्दल बरेच जण विचारतात. त्याने गर आधीच चिरला जातो, अल्ट्रासाउंड कमी लागतो, हे खरं. पण पुढे नजरेत फार फरक पडल्याचं दिसलेलं नाही. त्यापेक्षा ऑपरेशनआधी पेशी मोजून घ्या आणि मोतीबिंदू किती कडक आहे ते विचारा. फुक्ससारखा कॉर्नियाचा आजार असेल तर हे टाळूच नका.

डोळ्यांचा कोरडेपणा मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. कृत्रिम अश्रूंचे थेंब अजून सुटलेले नाहीत.