रानडे की गणेशखिंड? पुणे विद्यापीठाचे दोन माध्यम विभाग

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात माध्यमांचं पदव्युत्तर शिक्षण दोन ठिकाणी मिळतं आणि अर्ज भरताना हमखास गोंधळ होतो. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तपत्रविद्या व संज्ञापन विभाग आहे, १९६४ पासूनचा. दुसरा मीडिया अँड कम्युनिकेशन स्टडीज, गणेशखिंडच्या मुख्य आवारात. दोघांत अंतर चारेक किलोमीटरचं, पण घडण वेगळी. २०२१ मध्ये दोन्ही एकत्र करायचा प्रस्ताव आला तेव्हा रानडेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी कडाडून विरोध केला, तो उगाच नव्हता.

रानडेचा कणा म्हणजे बातमी. मराठीत बातमीदारी किंवा डेस्कचं (बातम्या तपासून संपादित करण्याचं) काम करायचं असेल तर आम्ही बिनदिक्कत रानडेच सुचवू. हात बसतो तो कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहून, तपासून घेऊन आणि पुन्हा लिहून. महापालिकेच्या अंदाजपत्रकाची बातमी घ्या. नवखा बातमीदार ‘रस्त्यांवर एवढे कोटी खर्च’ असं लिहून मोकळा होतो, पण ती असते पुढच्या वर्षाची तरतूद. गेल्या वर्षी मूळ तरतूद किती होती, सुधारित अंदाज किती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे तिन्ही आकडे शेजारी ठेवले की खरी बातमी दिसते. ही सवय कॉपीवर लाल शेरे पडल्यावाचून लागत नाही. शहराच्या मध्यावर असल्याचा फायदाही मोठा: महापालिका, पत्रकार परिषदा, सभागृहं सगळं जवळ.

गणेशखिंडची पदवी एम.एस्सी. आहे. नावावरून बिचकू नका, विज्ञान शाखेची अट नाही. इथे व्हिडिओ, ध्वनी आणि माध्यम संशोधन यांना जास्त वजन आहे. कामकाज बरंचसं इंग्रजीत चालतं, मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिलं सत्र जड जाईल हे धरूनच चालावं. कॅमेऱ्याचं काम सोपं वाटतं, अडतं बारीकसारीक गोष्टींत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने लुकलुकते. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटर (प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ) ठेवून मुलाखत घेतली की चित्र लुकलुकतं आणि संकलनात ते धड निघत नाही. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की प्रश्न मिटतो. आवाजाचं त्याहून वाईट: पंख्याची घरघर बाईटमध्ये (मुलाखतीतल्या बोलण्याच्या तुकड्यात) शिरली तर तो बाईट गेलाच समजा. हे हाताने करून बघायला उपकरणं लागतात, म्हणून प्रवेशाआधी एकच विचारा: एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी?

अभ्यासक्रम नावांवरून ताडू नका, श्रेयांक (क्रेडिट) बघा. तासिकेचा एक श्रेयांक १५ तासांचा, प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा. ‘टेलिव्हिजन’ नावाचा विषय सगळा तासिकांचाच असेल तर कॅमेरा हाती येणार नाही.

अध्यापनात जायचं असेल तर दोन्ही पदव्या चालतात. नेट या प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा विषय ‘जनसंवाद व पत्रकारिता’, खुल्या गटाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के हवेत. अमरावतीच्या आयआयएमसीत (भारतीय जनसंचार संस्थेत) मराठी पत्रकारितेची एक वर्षाची पदविका आहे. ती लवकर कामाला लावते, पण नेटसाठी नुसती पदविका पुरत नाही.

चित्रपटच करायचा असेल तर या दोन्हींकडे जाऊ नका. त्यासाठी विधी महाविद्यालय रस्त्यावर एफटीआयआय ही चित्रपट संस्था आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यात पहिल्या वर्षी कार्यप्रशिक्षणाला (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकण्याला) चार श्रेयांक, म्हणजे १२० तास आहेत. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. एवढ्यात वृत्तपत्र तुम्हाला प्रसिद्धिपत्रकं उतरवायला बसवेल, नाहीतर एखाद्या बीटवर, म्हणजे ठरावीक क्षेत्राच्या बातम्या आणायला, पाठवेल. हे ठरतं ते बहुतेक वेळा आधीच्या ओळखीवर आणि दाखवता येतील अशा कात्रणांवर. म्हणून विभाग कुठलाही घ्या, पहिल्या सत्रापासूनच छापून किंवा प्रसारित होईल असं काम करत राहा, आणि सत्र संपायच्या दोन महिने आधी कार्यप्रशिक्षणासाठी संपादकांना पत्र पाठवा.