फक्त गाठ काढावी की संपूर्ण वृषण?
देवगडहून एका आईने विचारले आहे की, सहाव्या वर्षीच आवाज फुटलेल्या आपल्या मुलाच्या वृषणातील, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक स्रवणारी लायडिग पेशींची (ते संप्रेरक बनवणाऱ्या पेशींची) गाठ तेवढीच काढावी की संपूर्ण वृषण. या वयात ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. म्हणून वृषण वाचवणे मला अधिक योग्य वाटते. मात्र त्यासाठी शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ तपासण्याची सोय हवी, आणि नंतर सोनोग्राफीसाठी कोल्हापूर-मुंबईच्या फेऱ्या चुकत नाहीत. संपूर्ण वृषण काढल्यास त्या बाजूची चिंता मिटते, आणि दुसरे निरोगी असल्यास पुढे अपत्यप्राप्तीही सहसा शक्य असते. हाडांचे पुढे गेलेले वय, म्हणजे या संप्रेरकामुळे वयाच्या मानाने लवकर झालेली हाडांची वाढ, मात्र कोणत्याच शस्त्रक्रियेने मागे येत नाही. गाठ लहान व कडा स्पष्ट असतील तर पहिला पर्याय. निरोगी भाग उरलाच नसेल किंवा निदान संशयास्पद असेल तर दुसरा.