सहा महिने, दोन निळी कार्डं आणि लंडनची पिवळी चकती

लेक हॅरोला राहते, लंडनच्या वायव्य टोकाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं ठाण्याहून तिच्याकडे गेलो ते सप्टेंबरअखेर परतलो. मी बत्तीस वर्षं लेखा विभागात काढली आहेत, त्यामुळे खर्चाची वही विमानातसुद्धा माझ्या पर्समध्ये होती. खाली लिहिलंय ते त्या वहीतून.

जाताना आमच्याकडे होतं ते असं: एक फॉरेक्स कार्ड (आधीच पौंड भरून ठेवलेलं), परदेशी खर्चावर मार्कअप म्हणजे जादा आकार न लावणारं एक क्रेडिट कार्ड, अडीनडीला एक डेबिट कार्ड आणि दिरांनी कौतुकाने दिलेल्या वीस पौंडांच्या चार नोटा. यूपीआयची सवय इतकी लागलेली की पहिल्याच दिवशी यांनी दुकानात फोन काढून क्यूआर कोड शोधला. काउंटरवरची मुलगी यांच्याकडे बघत राहिली.

पहिली फजिती बसमध्ये. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कंडक्टर नाही, सुट्ट्यांची भानगड नाही. ड्रायव्हरशेजारी एक पिवळी चकती असते, तिच्यावर कार्ड टेकवायचं, की झालं तिकीट. मी क्रेडिट कार्ड टेकवलं, लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे रांग. ड्रायव्हर म्हणाला, ‘डोन्ट वरी, लव्ह,’ आणि हाताने आत जायची खूण केली. लाजेने अर्धमेली झाले. घरी येऊन बघितलं तर चूक आमचीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही मुळात बंदच असतं; आपण चालू करायचं. आम्ही पहिलं चालू केलं होतं, दुसऱ्याचं बटण पाहिलंच नव्हतं. विमानात बसण्याआधी बँकेचं अ‍ॅप उघडून दोन्ही बटणं बघा.

त्यानंतर मात्र ती चकती मला मनापासून आवडली. बसचं भाडं तेव्हा एक पौंड पंचाहत्तर पेन्स, म्हणजे आपले सव्वाशे-दीडशे नव्हे, चांगले एकशे पंच्याऐंशीच्या घरात. पहिला आठवडा मी प्रत्येक टॅपला पौंडाच्या भावाने, १०६ ने गुणत होते. मग लेकीने हॉपर भाडं समजावून सांगितलं: पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, पैसे एकदाच. तासाच्या आत शेवटच्या बसमध्ये चढलात म्हणजे पुरे, उतरायला कितीही वाजोत. माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. हॅरोहून १८२ नंबरने वेंबली, ईलिंग रोडवर मेथी, कढीपत्ता, मे महिन्यात हापूसची पेटी, आणि परतीची बस पंचावन्नाव्या मिनिटाला. परतीचा प्रवास फुकट. हे पिशव्या घेऊन मागे धावायचे आणि मी घड्याळ बघत पुढे. दोनदा गवारीच्या भावावरून घासाघीस करताना तास उलटला, ते वहीत ‘गवार : १.७५ जादा’ असं लिहिलेलं आहे.

दिवसाची कमाल मर्यादाही असते. नुसती बस वापरलीत तर तेव्हा ५.२५ पौंड, म्हणजे तीन तिकिटं झाली की दिवसभर बस फुकट. झोन १ आणि २ मध्येच (झोन म्हणजे भाड्यासाठी पाडलेले पट्टे, १ हा अगदी मधला) भुयारी रेल्वेने, म्हणजे ट्यूबने फिरलात तर आम्ही होतो तेव्हा ८.५० ला मीटर थांबायचं. आठवड्याचीही मर्यादा आहे, पण ती सोमवार ते रविवार मोजतात. गुरुवारी उतरून बुधवारी निघणाऱ्या पाहुण्याला तिचा फारसा उपयोग नाही. हे सगळं मशीन आपोआप करतं, पास काढा वगैरे काही नाही. क्रेडिट कार्डाने टॅप केलं की आधी दहा पेन्सचा, म्हणजे दहा-अकरा रुपयांचा मेसेज यायचा आणि दिवसभराची खरी रक्कम मागाहून एकत्र पडायची. पहिल्यांदा मला वाटलं लंडन फारच स्वस्त आहे.

आता खरी गोम सांगते. ती यंत्रणा माणसाला ओळखत नाही, कार्डाला ओळखते. आमचे सगळे घोटाळे याच एका गोष्टीवरून झाले. नवरा-बायको आहात म्हणून एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाही. माणशी एक कार्ड. ट्यूबमध्ये आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. आमचे जावई आठ वर्षं तिथे राहतात, तरी एकदा आत जाताना घड्याळ टेकवलं आणि बाहेर येताना फोन. दोन्हीत कार्ड एकच, पण यंत्रणेच्या लेखी दोन निराळे प्रवासी: एक आत गेला तो बाहेर आलाच नाही, दुसरा आत न जाताच बाहेर आला. दोन्हींना जास्तीत जास्त भाडं लागलं. सासूसमोर झालं म्हणून बिचारे जास्तच ओशाळले. पर्समध्ये दोन कार्डं एकावर एक ठेवून पर्सच टेकवलीत तर मशीन मनाला येईल ते उचलतं. मी शेवटी प्रवासाचं कार्ड गळ्यात अडकवायच्या पाउचमध्ये एकटंच ठेवायला लागले.

यांचा घोटाळा कटी सार्क या जुन्या जहाजाजवळच्या स्टेशनावर झाला. डीएलआर ही छोटी, बिनड्रायव्हरची गाडी. तिच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाही, नुसता खांब आणि त्यावर ती चकती. गेट अडवणार नाही म्हणजे हे सरळ चालत बाहेर, थेट जहाज बघायला. बाहेर पडताना टॅप राहिलं आणि नेहमीच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. कार्ड ऑनलाइन नोंदवलेलं होतं म्हणून अर्ज करून फरक परत मिळाला. याउलट काही स्टेशनांवर गाडी बदलताना मध्येच गुलाबी चकती दिसते. तुम्ही महागडा झोन १ टाळून आलात हे तिला सांगायचं असतं. टेकवायला विसरलात तर झोन १ मधून आलात असं धरून पैसे लागू शकतात.

जून उजाडता उजाडता लेकीच्या मैत्रिणीने जे सांगितलं ते मला एप्रिलमध्येच कळायला हवं होतं. लंडनचा साठीनंतरचा फुकट पास तिथल्या रहिवाशांनाच मिळतो, आपण पाहुणे. पण सीनियर रेलकार्ड, म्हणजे रेल्वेभाड्यात सवलत देणारं कार्ड, वयाची साठी ओलांडलेल्या कुणालाही मिळतं. वर्षाचे तेव्हा तीस पौंड. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवला, दहा मिनिटांत हातात. मग ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगून ते ऑयस्टरला (आधी पैसे भरून ठेवायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड) जोडून घ्यायचं. गर्दीची वेळ सोडून (सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात) ट्यूबचं भाडं एक तृतीयांश कमी. बसला सवलत नाही. बँकेच्या कार्डालाही ती जोडता येत नाही, म्हणून त्यासाठी निळं ऑयस्टरच हवं; त्याचे तेव्हा सात पौंड, परत न मिळणारे. एरवी आठ दिवसांच्या पाहुण्याने ऑयस्टरच्या फंदात पडू नये, भाडं दोन्हीकडे तेच आहे. आम्हाला मात्र एडिंबराच्या एकाच फेरीत रेलकार्डाचे पैसे वसूल झाले, कारण लांबच्या गाड्यांच्या तिकिटांवरही सवलत मिळते. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात (१९३२ पासूनची संस्था आहे ती) गणपतीला गेलो, तेही वेंबली पार्कला गाडी बदलून, झोन १ ला हात न लावता, सवलतीत.

दुकानात एकच दक्षता. कार्ड मशीन कधीकधी विचारतं, रुपयांत देणार की पौंडांत? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, बोट तिकडे जातं. एका भेटवस्तूंच्या दुकानात ४२ पौंडांच्या खरेदीला मी रुपये दाबले आणि पावणेदोनशे रुपये उगाच घालवले, कारण दर ते मशीन ठरवतं. कायम पौंड दाबा.

आणि रोकड. दिरांच्या त्या चार नोटांवर अ‍ॅडम स्मिथचं चित्र होतं, कागदी. रविवारच्या जुन्या बाजारात दिली, तर विक्रेत्याने उन्हात धरून बघितली आणि हसून परत केली. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर बाजारात चालत नाहीत, आता प्लास्टिकच्या. बँक ऑफ इंग्लंड मात्र जुन्या नोटा केव्हाही बदलून देते. म्हणून एक अख्खी सकाळ थ्रेडनीडल स्ट्रीटवर, त्या बँकेपाशी, हातात पासपोर्ट घेऊन रांगेत. ऐंशी पौंडांसाठी दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं वजा केलं तरी फायद्यात, शिवाय ती इमारत आतून बघायला मिळाली. दिरांना हे अजून सांगितलेलं नाही. सहा महिन्यांत रोख खर्च एकंदर १४० पौंडांच्या आत राहिला: जुना बाजार, यांचा न्हावी, देवळातली पेटी.

हीथ्रोहून येण्याबद्दल सगळे विचारतात. एक्स्प्रेस गाडीला पैसे (तेव्हा पंचवीस पौंड) घालवू नका. शहरात जायचं तर ट्यूबची पिकॅडिली लाइन, आम्ही होतो तेव्हा ५.६० पौंड. आणि हॅरोला कुणी राहत असेल तर एसएल९ ही बस थेट विमानतळावरून येते, तेव्हा त्याच पावणेदोन पौंडांत. बॅगा मात्र आपल्या आपण उचलायच्या.

आमची दोन्ही ऑयस्टर वहीच्या मागच्या कप्प्यात आहेत. यांच्या कार्डात चार पौंड दहा, माझ्यात दोन तीस. शिल्लक बुडत नाही. मार्चमध्ये नणंद चाललीय, तिला माझं देणार आहे. ती चोपन्न वर्षांची, आणि कार्डावर माझी ज्येष्ठांची सवलत अजून चढलेली आहे. पहिल्या स्टेशनवर ती काढून घे, मगच गेटला लाव, असं चिठ्ठीवर लिहून कार्डाला रबरबँडने बांधून ठेवलंय.